बुधवारी बॅटरी फुल : घरच्या सोलर बॅटरीचं टाइमटेबल, पुण्याच्या हिशोबानं

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना 'म्हणजे' फार झाले होते, ते थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. मागे एका भागात मी ओझरतं म्हणून गेले होते की आमच्या घरच्या सोलर बॅटरीचं शेड्युलिंग मी स्वतः लिहिलंय. त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच धाटणीचे : "ताई, तुझं टाइमटेबल टाक ना, आम्ही तेच कॉपी करतो."

टाकते. पण आधी मी दुसऱ्याचं टाइमटेबल कॉपी केलं तेव्हा काय झालं ते ऐका. मग कॉपी करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं घर सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. जुनं बैठं घर, वर एक मजला चढवलेला आणि त्यावर गच्ची. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार सबसिडी. बाबांनी कागदावर आकडेमोड केली आणि तीन किलोवॉटची पॅनेल्स लावून घेतली. पुण्यात एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे आमची रोजची बारा-एक युनिट. बिल एकदम खाली आलं, बाबा खूश.

आणि मग एका भर दुपारी, कडक ऊन असताना, लाईट गेली. बाबा वर गच्चीत जाऊन पॅनेलकडे बघतायत, खाली येऊन पंख्याकडे बघतायत. "अगं, एवढं ऊन आहे, आणि घरात लाईट नाही?"

हे अजूनही कितीतरी लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडवर लाईट असेल तरच चालतो. लाईट गेली की तो स्वतःला मुद्दाम बंद करतो. कारण उघड आहे. तारेवर वायरमन काम करत असेल आणि तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. त्यामुळे नुसतं सोलर असणं म्हणजे बॅकअप असणं नाही. बॅकअपसाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, म्हणजे लाईट गेली की घर ग्रिडपासून तोडून आतल्या आत चालवता येतं.

आम्हाला बॅटरी हवीच होती, कारण आजी. आजीच्या फुप्फुसांचा त्रास जुना आहे. रात्री झोपताना आणि दिवसा थोडं चालल्यावर तिला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पाच लिटरचं मशीन, साधारण ३५० वॉट खाणारं. सिलेंडरही होता घरात, दिवाणाखाली. तो पुन्हा येईल गोष्टीत.

तर बॅटरी आली. ५.१२ युनिटची, लिथियम आयर्न फॉस्फेट. इन्व्हर्टरमध्ये एक टेबल मिळालं, सहा ओळींचं. कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, बॅटरी किती टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची, आणि त्या वेळेत ग्रिडवरून चार्ज करायचं की नाही. बस्स, एवढंच. बाजारातल्या बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये थोड्याफार फरकानं असंच टेबल असतं. सहा ओळी दिसल्या आणि माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. रास्पबेरी पाय घेतला, त्यावर होम असिस्टंट टाकलं, इन्व्हर्टरला मॉडबसनं जोडलं, आणि रात्री दीड वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसले.

ते सगळे व्हिडिओ ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे. तिकडची गंमत अशी की विजेचा दर तासातासाला बदलतो. ब्रिटनमध्ये तर असाही प्लॅन आहे जिथे दर अर्ध्या तासाला नवा दर. मध्यरात्री वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. वर तुम्ही ग्रिडला जी सोलर वीज देता तिचे पैसे बऱ्याचदा किरकोळ मिळतात. मग साहजिकच ते लोक म्हणणार : दुपारचं ऊन बॅटरीत भरा, संध्याकाळी महाग वेळेत बॅटरी रिकामी करा, मध्यरात्री स्वस्तात पुन्हा भरा. त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे हे.

मी ते जसंच्या तसं उचललं. संध्याकाळी ५ ते रात्री १२, बॅटरी २० टक्क्यांपर्यंत रिकामी करायची. अ‍ॅपमध्ये सुंदर ग्राफ यायचा. दुपारी डोंगर, संध्याकाळी उतार. मी त्याचे स्क्रीनशॉट मैत्रिणींना पाठवायचे, आता लाज वाटते.

एक शहाणपणा मात्र केला होता. म्हटलं, वादळी पावसाचा अंदाज असेल तर दुपारी ३ वाजता स्क्रिप्टनं बॅटरीचा राखीव साठा ८० टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे त्या संध्याकाळी ती रिकामी होणार नाही. कल्पना माझी नाही, टेस्लाच्या पॉवरवॉलमध्ये 'स्टॉर्म वॉच' नावाचं असंच फीचर आहे. वादळ येणार असेल तर ती आधीच भरून ठेवते. मी त्याची घरगुती आवृत्ती केली, चार ओळींची.

मे महिना. पुण्याचा मे तुम्हाला माहितीय. दुपारभर घामाच्या धारा, चारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि वळीव बदाबदा कोसळतो. त्या दिवशी तसंच. अंदाज होता, स्क्रिप्टला तो कळलाही होता. रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी पुढच्या गल्लीतल्या झाडाची मोठी फांदी तारांवर पडली, डीपीजवळ मोठा आवाज झाला आणि अख्खी आळी काळीकुट्ट.

आमचे पंखे चालूच राहिले. कॉन्सन्ट्रेटर एक क्षणही थांबला नाही. आई म्हणाली, "बरं झालं बाई बॅटरी घेतली." मी फोन काढला, ऐटीत. बॅटरी : ३४ टक्के.

मला वाटलं अ‍ॅप चुकतंय. ८० च्या वर असायला हवी होती. लॉग उघडला. स्क्रिप्ट बरोबर चालली होती, अगदी शहाण्यासारखी. फक्त ती दुपारी ३ ला चालली नव्हती. ती रात्री साडेआठला चालली होती.

ज्यांना कळलं ते हसतायत, मला माहितीय. डॉकर कंटेनरला आपण सांगितलं नाही तर तो आपलं घड्याळ यूटीसीवर ठेवतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्याचे ३ वाजले तेव्हा आपल्याकडे साडेआठ. कंपनीत ज्युनियरच्या कोडमध्ये हीच चूक मी कमीत कमी दहा वेळा पकडली असेन. तर साडेतीन तास एसी आणि बाकी घर बॅटरीवर चाललं होतं, पाच वाजता शंभर टक्के होती ती साडेआठपर्यंत ३४ वर आली, आणि तेव्हा कुठे स्क्रिप्टला जाग येऊन तिनं ब्रेक मारला.

मग अंधारात कागदावर गणित. ३४ मधले शेवटचे १० टक्के इन्व्हर्टर वापरू देत नाही, बॅटरीच्या संरक्षणासाठी. उरले २४ टक्के, म्हणजे सव्वा युनिटच्या आत-बाहेर. त्यातलं दहा टक्के इन्व्हर्टर स्वतः खातो. हातात १.१ युनिट. एसी अर्थातच बंद केला. कॉन्सन्ट्रेटर ३५०, दोन बीएलडीसी पंखे मिळून ६०, राउटर १५, एक दिवा १०. बेरीज ४३५ वॉट. १.१ भागिले ०.४३५, अडीच तास. म्हणजे सव्वाअकरापर्यंत.

बाबांनी दिवाणाखालचा सिलेंडर ओढला. काटा लाल पट्ट्यात. कधीतरी वापरला होता आणि भरून आणायचा राहिला होता. राहिलाच होता. कोणाची चूक, यावर आमच्या घरात त्या रात्री चर्चा झाली नाही, नंतर बरीच झाली.

समोर एक सोसायटी आहे, सात मजली. त्यांचा जनरेटर लिफ्टसाठी आणि लॉबीच्या दिव्यांसाठी चालतो. बाबा जाऊन तिथल्या वॉचमनकाकांशी बोलले. पावणेअकराला आम्ही आजीला खुर्चीसकट उचलून रस्ता ओलांडला, पावसात, आईनं छत्री धरलेली, माझ्या हातात मशीन. लॉबीत वॉचमनकाकांच्या टेबलामागे एक प्लग होता, त्यांचा चहाची किटली लावायचा. त्यांनी किटली काढली, आम्ही कॉन्सन्ट्रेटर लावला. तेवढ्या दहा मिनिटांत आजीच्या बोटावरचं ऑक्सिमीटर ९४ वरून ८७ वर आलं होतं. पुन्हा ९२ होईपर्यंत मी त्या आकड्याकडे जशी बघत होते तशी आयुष्यात कुठल्याही डॅशबोर्डकडे बघितलेली नाही.

आजी मात्र रंगात. लिफ्टमधून येणारे-जाणारे थांबून विचारपूस करतायत, कोणी बिस्किटं आणली. मला म्हणाली, "अगं, तू तोंड कशाला पाडतेस? एवढी माणसं मला वर्षभरात भेटली नव्हती." रात्री सव्वातीनला लाईट आली.

तर आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी मी टाइमझोन दुरुस्त केला, एका ओळीचं काम : एशिया/कोलकाता. पण खरा घोळ टाइमझोनचा नव्हताच. खरा घोळ हा की मी बॅटरी रोज संध्याकाळी रिकामी का करत होते? कशासाठी? पैसे वाचवायला? मग खरंच किती वाचले ते बघायला बसले.

आपल्याकडे नेट मीटरिंग आहे. दुपारी घरात कोणी नसताना पॅनेलनं बनवलेलं युनिट ग्रिडमध्ये जातं, रात्री आपण ग्रिडमधून घेतो, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. एक दिलं, एक घेतलं, हिशोब मिटला. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जातात, आणि आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, उरलेल्यांचा हिशोब होतो, कमी दरानं. शिवाय महावितरणचे घरगुती स्लॅब वापरावर आहेत, शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत, त्यापुढे. वजाबाकीनंतर जी युनिट उरतात त्यावर स्लॅब लागतो. म्हणजे सोलर आधी तुमची सगळ्यात महागडी युनिट कापतं.

आता सांगा, यात बॅटरीनं काय वाचवलं? ग्रिडच तुमची बॅटरी आहे, आणि ती एकाला एक परत देतेय. माझी बॅटरी मात्र आत घेताना आणि बाहेर देताना मिळून दहा-बारा टक्के खाते. मी रोज साडेतीन युनिट फिरवत होते. रोजचं पाऊण सोडा, ०.४ युनिट हवेत. वर्षाला दीडशे युनिट. वर बॅटरीची झीज. म्हणजे तो जो सुंदर ग्राफ होता, दुपारी डोंगर आणि संध्याकाळी उतार, तो मला रोज थोडंथोडं नुकसान करून दाखवत होता, आणि बदल्यात रात्री नऊला बॅटरी रिकामी.

पुण्यात, नेट मीटरिंग असताना, घरच्या बॅटरीचं काम एकच : लाईट गेल्यावर घर चालवणं. टाइमटेबल त्या कामासाठी लिहायचं. आपली परिस्थिती लंडनपेक्षा दक्षिण आफ्रिकेच्या जास्त जवळची आहे. तिथे भारनियमनाची अ‍ॅप्स लोकप्रिय झाली, आणि लोकांनी आपल्या भागातल्या कटच्या वेळा थेट होम असिस्टंटला जोडून बॅटऱ्या भरायला लावल्या. मला हे वाचताना आमचा फ्रिज आठवला. २००५-०६ च्या सुमारास पुण्यातही भारनियमन होतं, मी तेव्हा तिसरीत असेन. पेपरात वेळापत्रक यायचं, आजी ते कापून फ्रिजवर चिकटवायची आणि त्याप्रमाणे कणीक, मिक्सर, इस्त्री, सगळं. घरातली पहिली शेड्युलर तीच. मग २००६ मध्ये 'पुणे मॉडेल' आलं. टंचाईच्या वेळी मोठ्या कंपन्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका करायचा आणि तो जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून थोडाथोडा उचलायचा. आपल्या पिढीला हे नावही माहीत नसतं, आणि ऑफिसात 'लोड बॅलन्सिंग' म्हणून तेच शिकवतात.

असो. राखीव साठा किती ठेवायचा? इथे लोक अंदाजे ५० टाकतात. अंदाज करू नका, पाच मिनिटांचं काम आहे. लाईट गेल्यावर काय काय चालायलाच हवं, त्यांचे वॉट लिहा. किती तास, ते ठरवा. गुणाकार करून हजारनं भागा, युनिट आली. त्याला ०.९ नं भागा, इन्व्हर्टरच्या भुकेसाठी. तुमच्या बॅटरीच्या क्षमतेशी टक्केवारी काढा आणि तळाचे न वापरता येणारे १० टक्के मिळवा.

समजा तुम्ही घरून काम करता, चार तास हवेत. लॅपटॉप ६०, राउटर १५, दोन पंखे ६०, दिवा १०. १४५ वॉट, चार तास, ०.५८ युनिट. सगळं धरून माझ्याएवढ्या बॅटरीत २३ टक्के. ३० ठेवा, निवांत राहा. आमच्याकडे ४३५ वॉट, आठ तास. ३.५ युनिट, त्याला ०.९ नं भागून ३.९. म्हणजे ७६ टक्के आणि तळाचे १०. एकूण ८६. म्हणजे 'स्मार्ट' खेळ खेळायला माझ्याकडे उरतात १४ टक्के. ज्या बॅटरीवर मी रोज ८० टक्क्यांचा खेळ खेळत होते.

आणि बॅकअपच्या लाइनवर काय जोडलंय ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. गीझर दोन हजार वॉट. तो चुकून बॅकअपवर राहिला तर वरचं सगळं गणित एका आंघोळीत संपतं.

आता वेळांचा भाग, जो मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात पुणं दिसतं.

पहिलं, बारा वाजता ऊन डोक्यावर येत नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. पुणं जवळपास पावणेनऊ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. तीही सरकते. फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्या पुढे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या आसपास. त्यामुळे व्हिडिओतलं '१० ते २' इथे बसत नाही, मी साडेअकरा ते साडेतीन हा भरण्याचा मुख्य काळ धरते. सूर्यास्तही जूनमध्ये सव्वासातला आणि डिसेंबरमध्ये सहाला. ठोकळ घड्याळाची वेळ टाकण्यापेक्षा होम असिस्टंटमध्ये 'सूर्यास्ताआधी इतके तास' असं लिहिता येतं, ते लिहा.

दुसरं, वळीव. एप्रिल-मे आणि जूनचा पहिला आठवडा, आपल्याकडे झाडं पडतात ती बहुतेक चारनंतर. म्हणून उन्हाळ्यात माझा नियम : साडेतीनपर्यंत बॅटरी ९५, अंदाज काहीही असो. हवामानाचा अंदाज फक्त त्याच्या वर एक जादा काळजी.

तिसरं, पावसाळा. ढगाळ दिवसात तीन किलोवॉटची पॅनेल्स कधीकधी तीन-चार युनिटवर येऊन थांबतात. तेव्हा बॅटरी उन्हानं भरेल अशी वाट बघायची नाही. जून ते सप्टेंबर, दुपारी २ पर्यंत ८६ झाली नसेल तर ग्रिडवरून चार्जिंग चालू. बाकीच्या आठ महिन्यांत ते बंद.

आणि चौथा, गुरुवार. हे फक्त पुणेकरांना सांगावं लागत नाही. पाणी बंद ते गुरुवारी, आणि देखभालीसाठी लाईट बंद तीही बहुतेक गुरुवारीच. दर गुरुवारी सगळीकडे जाते असं नाही, पण जायची असेल तर वार ठरलेला. म्हणून बुधवारी बॅटरी शंभर टक्के.

बुधवारचे आणखी एक काम त्यातच होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. ६० टक्के आणि ५० टक्के यात फरक इतका कमी की बॅटरीच्या आतल्या सर्किटचा अंदाज हळूहळू भरकटतो. अ‍ॅप ४५ दाखवतं आणि असतात ३५. अधूनमधून पूर्ण शंभरपर्यंत नेलं की ते गणित पुन्हा जागेवर येतं. पण कायम शंभरवर, त्यातही पत्र्याखालच्या गरम खोलीत, ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून आठवडाभर ८६ ते ९०, बुधवारी शंभर. आमची बॅटरी आधी गच्चीच्या जिन्यातल्या पत्र्याखाली होती, आता खाली देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. आजी जाता-येता तिलाही हात जोडते.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडं, पटकन. राखीव साठा इन्व्हर्टरच्या स्वतःच्या टेबलमध्ये लिहा, स्क्रिप्टमध्ये नाही. पाय बंद पडला, मेमरी कार्ड मेलं, क्लाउड झोपला, तरी ८६ ते ८६. माझ्या स्क्रिप्टला आता साठा वाढवण्याची परवानगी आहे, कमी करण्याची नाही. तसा कोडच नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बॅकअपवर घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर अ‍ॅप उघडणारच नाही. व्हॅल्यू बदलली असेल तरच इन्व्हर्टरला लिहा, दर मिनिटाला तीच लिहिलीत तर त्याची फ्लॅश मेमरी झिजते. आणि टेस्ट करा. टेस्ट म्हणजे डॅशबोर्ड बघणं नाही. रविवारी दुपारी मेन स्विच खाली पाडा आणि अर्धा तास घरच्यांचे बोलणे खा.

'मग बॅटरी कधीच पैशांसाठी वापरायची नाही का?' असं विचाराल. आज माझं उत्तर नाही, पण नियम बदलू शकतात. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैशांपर्यंत सवलत जाहीर झाली. हे दिवसा मोटार, वॉशिंग मशीन, गीझर लावण्याचं कारण आहे, बॅटरी रिकामी करण्याचं नाही. खरा बदल होईल तो वजाबाकीची पद्धत बदलली तर. त्या वर्षीच्या सुरुवातीला दरांच्या प्रस्तावावर चर्चा चालू होती तेव्हा दिवसा बनलेलं युनिट दिवसाच्याच वापरातून वजा करायचं, हा मुद्दा आला होता आणि सोलर लावलेल्या लोकांनी जोरात विरोध केला होता. तसं कधी झालंच, तर रात्रीचं युनिट पूर्ण दरानं विकत घ्यावं लागेल आणि तेव्हा दुपारचं ऊन रात्रीसाठी साठवण्यात खरे पैसे असतील. तेव्हा मी बसून हिशोब करीन, पण ८६ च्या वरच्या भागाचा. त्याच्या खालचा भाग आजीचा आहे, त्यावर दर लागत नाही.

सिलेंडर भरून आणलाय. महिन्याच्या एक तारखेला काटा बघायचा रिमाइंडर बाबांच्या फोनवर आहे, माझ्या नाही. हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं मशीन असेल तर बॅटरीच्या भरवशावर सिलेंडर काढून टाकू नका, एवढं माझ्यासाठी करा.

वॉचमनकाकांना आम्ही नवा एक्स्टेन्शन बोर्ड दिला, चार प्लगचा. किटली पण राहते आणि एक जागा रिकामी.

टाइमटेबलचा फोटो भागाच्या खाली टाकतेय. आज बुधवार आहे, तीन वीस झालेत, बॅटरी ९७ वर आहे. आत्ताच आजीनं खालून हाक मारून विचारलं, "उद्या गुरुवार ना गं? भरली का तुझी डबी?" भरत आलीय. पण वरून पाण्याचा आवाज येतोय तो तुम्हालाही ऐकू येत असेल. टाकी भरून वाहतेय, मोटार बंद करायला पळते. ती मी अजून ऑटोमेट केलेली नाही.